भाड्याचा दप्तरदार

शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात जनरल रजिस्टर असते. विद्यार्थी दाखल झाला की त्याचे नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, आधीची शाळा हे सारे त्यात एकदाच लिहिले जाते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. पुढे हजेरीचा कॅटलॉग, फीचे रजिस्टर, शिष्यवृत्तीची यादी, शेवटी शाळा सोडल्याचा दाखला, सगळीकडे हा क्रमांकच त्याची ओळख सांगतो. जन्मतारखेत चूक निघाली तर ती एका जागी दुरुस्त केली की काम भागते. तीच तारीख पाच वह्यांत पाच जणांनी उतरवून ठेवली असेल, तर चार ठिकाणी दुरुस्ती होते आणि पाचवी वही नेमकी दहावीच्या अर्जाच्या वेळी डोके वर काढते. शिक्षकांना हे नव्याने सांगायला नको.

१९७० साली एका गणितज्ञाने संगणकातील माहितीसाठी जी मांडणी सुचवली, तिचे मर्म या रजिस्टरांत आहे. जगातील बँका, विमा कंपन्या, दुकाने, इस्पितळे यांचा बराचसा व्यवहार आज त्या मांडणीवर चालतो. गेल्या पंधरावीस वर्षांत मात्र एक मोठा बदल झाला. रजिस्टरे स्वतःच्या कपाटातून निघाली आणि ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल अशा कंपन्यांच्या यंत्रांवर भाड्याने राहू लागली. पूर्वी आमच्याकडे प्रकल्प केलेली एक विद्यार्थिनी आता औषधांच्या घाऊक व्यापारासाठी आज्ञावली तयार करते. तिने आम्हाला विचारले, "सर, या तिघांपैकी कोणाकडे ठेवू?" तिच्याजवळ दरांचा भलामोठा तक्ता होता. तो पाहण्याआधी आम्ही तिला जुनी गोष्ट सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने देत आहोत.

अपोलो मोहिमेसाठी लागणाऱ्या लाखो सुट्या भागांची यादी ठेवायची कशी, हा प्रश्न १९६०च्या दशकात उत्तर अमेरिकेतील रॉकवेल कंपनीपुढे होता. आयबीएमने तिच्यासोबत आयएमएस नावाची प्रणाली तयार केली आणि ऑगस्ट १९६८ मध्ये ती कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्यातील माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली होती. यानाचा भाग, त्याचा उपभाग, त्याचा स्क्रू. वरून खाली जायचे असेल तर रस्ता सरळ. पण "हा स्क्रू कोणकोणत्या भागांत वापरला आहे?" असे उलटे विचारले की पंचाईत. त्याच दशकात जनरल इलेक्ट्रिकमधील चार्ल्स बाखमन यांनी आयडीएस ही प्रणाली बनवली. तिच्यात एका नोंदीवरून दुसरीकडे जाणाऱ्या वाटांचे जाळे होते. बाखमन यांना १९७३चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी भाषणात आज्ञावलीकाराला खलाशाची उपमा दिली. माहितीच्या समुद्रात एका नोंदीवरून दुसरीकडे जहाज हाकारत नेणारा तो खलाशी. उपमा सुंदर आहे, पण तिच्यातच अडचण लपलेली आहे. कपाटातील वह्यांचा क्रम बदलला की खलाशाचा नकाशा चुकतो आणि शेकडो आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागतात.

एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडमधील डॉर्सेटचे. महायुद्धात विमान चालवले, ऑक्सफर्डला गणित शिकले आणि पुढे आयबीएममध्ये आले. जून १९७० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. माहिती यंत्रात कोठे आणि कशी ठेवली आहे हे जाणण्याच्या ओझ्यातून वापरणाऱ्याला सोडवले पाहिजे, ही त्यांची पहिलीच मागणी होती. त्यासाठी सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. तक्त्यांचे परस्परसंबंध बाणांनी किंवा वाटांनी दाखवू नयेत. दोन तक्त्यांत तोच क्रमांक दिसला म्हणजे संबंध आला. गणिती भाषेत अशा तक्त्याला 'रिलेशन' म्हणतात, म्हणून या डेटाबेसला रिलेशनल हे नाव पडले. 'काय हवे' एवढे माणसाने सांगायचे, 'कसे शोधायचे' ते यंत्राने ठरवायचे.

हे ऐकायला छान, पण यंत्राला ते जमणार कसे? १९७४ साली ॲन आर्बर येथे कॉड आणि बाखमन या दोन पक्षांचा जाहीर वादच झाला. आठवीतील गणितात ३५ पेक्षा कमी गुण असलेली मुले शोधायची आहेत असे समजा. आधी आठवीची यादी घेऊन एकेकाचे गुण पाहावेत, की आधी सगळ्या शाळेतील ३५च्या खालचे गुण काढून त्यांतील आठवीची मुले निवडावीत? हुशार कारकून वह्यांची जाडी पाहून ठरवतो. यंत्राला ही समज द्यायची होती. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९७४च्या सुमारास 'सिस्टिम आर' हा प्रकल्प सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारण्यासाठी इंग्रजीसारखी भाषा रचली. तिचे नाव सीक्वेल. एका विमान कंपनीचा त्या नावावर हक्क निघाला, म्हणून पुढे ते एसक्यूएल झाले. बॉइस मात्र १९७४ मध्येच, ऐन तरुणपणी वारले. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च आधी अंदाजून सर्वांत स्वस्त वाट यंत्राला निवडता येते. खलाशाचे काम यंत्राकडे गेले ते येथे.

आयबीएमची आयएमएसवर चांगली कमाई चालू होती, त्यामुळे नव्या मांडणीची तिला घाई नव्हती. तिचेच प्रसिद्ध झालेले निबंध वाचून लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांनी १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणले. आयबीएमचे स्वतःचे उत्पादन त्यानंतर, १९८१ मध्ये आले. बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इंग्रेस बनवले. त्याच्या पुढच्या पिढीतून पोस्टग्रेस आले. १९९५ साली स्वीडनमध्ये मायएसक्यूएल निघाले. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर सायबेस या कंपनीच्या कामातून उभा राहिला. आज भाड्याने मिळणाऱ्या सेवांमध्ये हीच नावे पुन्हा दिसतात.

आता जी गोष्ट कॉड यांच्या निबंधात नव्हती तिच्याकडे वळू. माहिती कोठे आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक नसले तरी चालते. पण ती सांभाळणारा कोणीतरी हवाच. चकती भरली, यंत्र बिघडले, वीज गेली, तर काय?

जुन्या व्यापाऱ्यांच्या पेढीवर याचे उत्तर तयार होते. दिवसभरातील प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचा आणि मग सवडीने खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणी पाण्यात भिजली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. डेटाबेस हेच करतो. तक्त्यात बदल करण्याआधी तो बदल एका नोंदवहीत लिहून चकतीवर पक्का केला जातो. वीज परत आल्यावर नोंदवही वाचून अर्धवट व्यवहार रद्द होतात आणि पूर्ण झालेले खात्यावर चढतात. विद्यार्थ्याचे नाव अ तुकडीतून काढले आणि ब तुकडीत घालण्याआधी वीज गेली, तर तो कोणत्याच तुकडीत नाही असे होता कामा नये. जिम ग्रे यांनी या विषयाला शिस्त दिली. त्यांना १९९८चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

पण रोजकीर्द आणि खतावणी एकाच खोलीत ठेवली आणि खोलीलाच आग लागली तर? म्हणून प्रती काढायच्या, त्या दुसरीकडे ठेवायच्या, त्या वाचता येतात का हे अधूनमधून तपासायचे. हे काम कंटाळवाणे असते आणि नीट झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आम्ही पीएच.डी. करत होतो तेव्हा उपकरणाची मोजमापे टेबलाखालच्या एका संगणकावर मायएसक्यूएलमध्ये साठत. रोज रात्री त्यांची प्रत दुसऱ्या चकतीवर जाई. एका पावसाळ्यात मुख्य चकती गेली तेव्हा कळले, की दुसरी चकती चार महिन्यांपूर्वीच भरली होती. प्रत काढणारी आज्ञावली रोज रात्री इमाने इतबारे अयशस्वी होत होती. तिने ते कोणाला सांगावे अशी सोय आम्हीच केली नव्हती. चार महिन्यांचे काम पुन्हा केले.

हे राखणदारीचे कामच विकत देता येईल, ही कल्पना २००६ नंतर व्यवहारात आली. त्या वर्षी ॲमेझॉनने साठवणीची जागा आणि संगणक तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली. लोकांनी त्या भाड्याच्या संगणकांवर आपापले डेटाबेस बसवले, पण प्रती काढणे आणि दुरुस्त्या बसवणे त्यांच्याच माथी राहिले. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲमेझॉनची आरडीएस ही सेवा आली. आत नेहमीचेच मायएसक्यूएल. लहान यंत्राचे भाडे तासाला ११ सेंट. प्रती आपोआप निघणार, सुधारित आवृत्ती ठरावीक वेळेत बसणार. मे २०१० मध्ये दुसऱ्या इमारतसमूहात जुळी प्रत तयार ठेवण्याची सोय झाली. पुढे ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि २०१३ मध्ये पोस्टग्रेसही त्यात आले. थोडक्यात, यंत्र तुमच्या ओळखीचे, फक्त त्याचा दप्तरदार भाड्याचा.

मायक्रोसॉफ्टची वाट निराळी होती. २००८ मध्ये तिने जी सेवा दाखवली ती पूर्णपणे रिलेशनल नव्हतीच. ग्राहकांना मात्र आपली नेहमीची एसक्यूएलच हवी होती. २००९ मध्ये बेत बदलला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये एसक्यूएल अझूर विक्रीला आले. यात ग्राहकाला यंत्र दिसतच नाही, फक्त डेटाबेस दिसतो. सुरुवातीला त्याचा आकार १० गिगाबाइटपर्यंतच होता, पण प्रत्येकाच्या तीन प्रती पहिल्यापासून ठेवल्या जात. गूगलने क्लाउड एसक्यूएल ऑक्टोबर २०११ मध्ये मर्यादित लोकांसाठी खुले केले. सर्वांसाठी ते २०१४ मध्ये झाले. चाळीस वर्षांपूर्वीची मांडणी आता जुनी झाली असे त्या काळात बरेच जण म्हणत होते. पण या सेवा चालल्या त्या मुख्यतः तिच्यामुळेच. वरचा चेहरा तक्त्यांचा आणि एसक्यूएलचा असल्यामुळे खालचे सगळे बदलले तरी आज्ञावलीकाराचे फारसे बिघडत नव्हते. कॉड यांनी मागितले होते ते हेच.

पहिला मोठा फटका २१ एप्रिल २०११ रोजी बसला. ॲमेझॉनच्या अमेरिकेतील पूर्वेकडच्या केंद्रात जाळ्याची क्षमता वाढवताना वाहतूक चुकीच्या, कमी क्षमतेच्या मार्गावर वळवली गेली. हजारो साठवण-चकत्यांना आपली जुळी प्रत दिसेनाशी झाली. त्या सगळ्या एकाच वेळी नवी प्रत करायला जागा शोधू लागल्या आणि त्या झुंबडीत सारे अडकले. बाधित भागातील ०.०७ टक्के साठवण कायमची गेली. आमच्या दृष्टीने त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. जास्त भाडे देऊन जुळी प्रत घेतलेल्या डेटाबेसपैकी २.५ टक्के आपोआप दुसऱ्या प्रतीवर गेलेच नाहीत. जाळे तुटणे आणि चकती अडकणे या दोन घटना लागोपाठ घडल्या आणि आधी कधीही न दिसलेला दोष वर आला. कंपनीने हे स्वतःच सविस्तर लिहून प्रसिद्ध केले, याचे श्रेय तिला द्यायला हवे.

यानंतर निराळ्या रचना आल्या. त्यांपैकी एकीतील अंकगणित वर्गात सांगण्याजोगे आहे. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑरोरा जाहीर केले. बाहेरून ते मायएसक्यूएलसारखेच वागते. आत मात्र त्याच्या रचनाकारांनी रोजकीर्द आणि खतावणी यांची फारकत केली. मुख्य यंत्र जाळ्यावरून फक्त रोजकीर्दीच्या ओळी पाठवते. खतावणी तयार करण्याचे काम साठवणीची यंत्रे आपापल्या ठिकाणी करतात. माहितीच्या दर १० गिगाबाइटच्या तुकड्याच्या सहा प्रती असतात, तीन वेगवेगळ्या इमारतसमूहांत दोन दोन. सहांपैकी चार प्रतींनी होकार दिला की नोंद पक्की झाली. बिघाडानंतर सावरताना तीन प्रती वाचल्या की पुरते.

चार आणि तीनच का? चार आणि तीन मिळून सात, म्हणजे सहापेक्षा जास्त. ज्या चौघांनी नोंद घेतली आणि ज्या तिघांना आपण विचारले, त्यांच्यात एक तरी सामाईक निघणारच. म्हणजे ताजी नोंद नजरेतून सुटत नाही. चार आणि चार आठ. तेही सहापेक्षा जास्त, म्हणून परस्परविरोधी दोन नोंदी एकाच वेळी पक्क्या होऊ शकत नाहीत. आता एक पूर्ण इमारतसमूह बंद पडला तर दोन प्रती जातात आणि चार उरतात, म्हणजे लिहिणे चालू राहते. त्यात आणखी एक प्रत गेली तर तीन उरतात. लिहिणे थांबते, पण वाचून सावरता येते. पाच प्रती ठेवून हे साधेल का, हे विद्यार्थ्यांना करून पाहायला सांगावे.

गूगलने वेगळाच प्रश्न हाती घेतला. दूरदूरच्या खंडांतील यंत्रांवर एकच डेटाबेस असेल, तर आधी कोणता व्यवहार झाला हे ठरवायचे कसे? दोन घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पॅनर या रचनेत केंद्राकेंद्रांत अणुघड्याळे आणि जीपीएस यंत्रे बसवलेली होती. घड्याळ फक्त वेळ सांगत नाही, आपली चूक किती असू शकते तेही सांगते. तेवढे काही मिलिसेकंद थांबून मगच व्यवहार पक्का केला जातो. मोजमापातील त्रुटी मान्य करून तिच्यावर नियम उभारणे हे आम्हा प्रयोगशाळेतील माणसांना फार भावते. २०१७ पासून ही सेवा इतरांनाही भाड्याने मिळू लागली.

विद्यार्थिनीच्या तक्त्यात दर होते, यंत्रांचे आकार होते, पण तीन रकाने नव्हते. आम्ही तिला ते आखायला सांगितले. पहिला रकाना असा: दुर्घटना झालीच तर शेवटच्या किती मिनिटांची माहिती गेली तरी चालेल आणि किती वेळ दुकान बंद राहिले तरी चालेल? जुळ्या प्रतीचे भाडे साधारण दुप्पट पडते, पण हा आकडा ठरवल्याशिवाय दुप्पट म्हणजे महाग की स्वस्त हे कळत नाही. तिच्या व्यापारात औषधांचे गट क्रमांक आणि मुदती नोंदलेल्या असतात. सदोष गट परत मागवायची वेळ आली आणि तो कोणत्या दुकानांत गेला ही नोंदच हरवलेली असली, तर होणारे नुकसान पैशात मोजता येत नाही.

दुसऱ्या रकान्यात राखणदार कोण ते लिहायचे. स्वतः राखण करण्याचे एक उदाहरण ३१ जानेवारी २०१७चे आहे. गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा दुरुस्ती करताना चुकीच्या यंत्रावरील डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले. प्रती काढण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. नेहमीची प्रत आवृत्तीतील फरकामुळे निघतच नव्हती आणि तशा सूचनेची पत्रेही वाटेत नाकारली जात होती. अखेर कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली प्रत उपयोगी पडली. आमच्या भरलेल्या चकतीची आठवण झाली नसती तरच नवल. भाड्याच्या सेवेत नेमकी ही चूक बहुधा टळली असती. पण मे २०२४ मधील युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीचे उदाहरण उलट बाजूचे आहे. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या या संस्थेची गूगलकडील एक व्यवस्था आपोआप पुसली गेली. व्यवस्था उभारताना एक रकाना कोरा राहिला होता, म्हणून तिला एक वर्षाची मुदत लागली आणि मुदत संपताच यंत्राने आपले काम केले. संस्थेने दुसऱ्या एका कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या. त्याही सावरताना कामी आल्या.

तिसऱ्या रकान्यात दोन गोष्टी येतात: माहिती कोठे आहे आणि ती परत कशी न्यायची. भारतात मायक्रोसॉफ्टची केंद्रे २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे सुरू झाली. ॲमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ मध्ये आणि गूगलचे २०१७ मध्ये आले. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवण्याचा आदेश दिल्यावर या केंद्रांचे महत्त्व वाढले. परत नेणे मात्र अवघडच असते. एसक्यूएलला १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली, तरी प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. खुद्द ॲमेझॉनला आपल्या ग्राहक-विभागाचा कारभार ओरॅकलवरून हलवायचा होता. सुमारे ७५०० डेटाबेसमधील ७५ पेटाबाइट माहिती हलवून २०१९ मध्ये ते काम पुरे झाले आणि त्याला कित्येक वर्षे लागली. कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांकडून माहिती बाहेर नेण्याचे शुल्क घेणे या तिन्ही कंपन्यांनी २०२४ मध्ये बंद केले.

विद्यार्थिनीने शेवटी पोस्टग्रेस घेतले, कारण ते तिघांकडेही मिळते. कोणाकडून घेतले हे येथे सांगत नाही. तिचा निर्णय तिच्या आकड्यांसाठी बरोबर होता, इतरांसाठी असेलच असे नाही. व्यापार सुरू करण्याआधी एका रविवारी तिने मुद्दाम कालच्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करून पाहिले. माहिती चाळीस मिनिटांत परत आली. पण नव्याने उभा राहिलेला डेटाबेस नव्या पत्त्यावर आला होता आणि जुना पत्ता आज्ञावलीत सतरा ठिकाणी लिहून ठेवलेला निघाला. तो शोधून बदलण्यात संध्याकाळ झाली. आता तो पत्ता एकाच जागी आहे. दर तीन महिन्यांनी ती हा रविवार पाळते आणि किती मिनिटे लागली ते एका साध्या कागदी वहीत लिहून ठेवते.